दिवस मोजू नका, खोगिरावरचे तास मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा: तुम्ही, तुमचे पती आणि बारा वर्षांची मुलगी, तिघंही उंटावर कधी बसलेले नाहीत. एक बेत आहे संध्याकाळी दीड-दोन तास उंटावरून जाऊन तंबूत रात्र काढायची आणि सकाळी परत यायचं. दुसरा आहे तीन दिवस, दोन रात्रींचा पूर्ण ट्रेक. मुलीला अर्थातच दुसरा हवाय. पतींना कमरेचा जुना त्रास आहे, म्हणून तुम्ही कचरताय. थर, मोरोक्को की जॉर्डन हेही अजून ठरलेलं नाही. आणि शेवटी विचारलंय की साप-विंचवांचं काय, आणि एका रात्रीत खरंच वाळवंट कळतं का.

गेली चौदा-पंधरा वर्षं मी लहान लहान गट घेऊन वाळवंटात जातेय, त्यात निम्म्याहून जास्त लोक तुमच्यासारखेच नवखे असतात. त्या अनुभवावरून सांगते, एक रात्र की दोन हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारा की एका दिवसात किती तास खोगिरावर बसायचंय आणि रात्री पाठ कशावर टेकायचीय. या दोन गोष्टी जमल्या तर तीन दिवस सुखाने जातात, आणि फसल्या तर दीड तासही जड होतो. काही जणांना मी अर्ध्यातून परत पाठवलंय. सापामुळे एकदाही नाही, उन्हामुळे एकदाच. बाकी बहुतेक मांड्यांची सालटं निघाली, कंबर धरली, नाहीतर रात्रभर कुडकुडून डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून परत गेले.

कुठेतरी घोड्यावर बसला असाल तर तो अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. उंट चालताना एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जवळपास एकदमच उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे वर बसलेला माणूस होडीत बसल्यासारखा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डुलत राहतो. पहिली दहा मिनिटं गंमत वाटते. अर्ध्या तासाने लक्षात येतं की आपण पोट, कंबर, मांड्या सगळं आवळून बसलोय. तो आवळलेपणा सोडायला शिकायचं असतं. झोपाळ्यावर बसतो तशी कंबर सैल ठेवायची, खांदे पाडायचे आणि समोरची मूठ हलकेच धरायची. बहुतेकांना हे जमायला तासभर जातो. मुलं मात्र दहा मिनिटांत शिकतात.

खोगिराची रुंदी हा दुसरा मुद्दा. उंटाची पाठ रुंद, त्यावर गोधड्या आणि घोंगड्यांचे थर, त्यामुळे पाय नको इतके फाकतात. बऱ्याच ठिकाणी रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, नसतातच. पाय नुसते लोंबकळत राहिले की तासाभरात मुंग्या येतात आणि गुडघ्यावर ताण पडतो. दोरीच्या का होईना, पण रिकिबी बांधून द्या, असं आधीच सांगून ठेवा. नाही मिळाल्या तर अधूनमधून एक पाय वर घेऊन खोगिरावर मांडी घाला. उंटवाले स्वतः तसेच बसतात, उगीच नाही. प्रदेशाप्रमाणे खोगीरही बदलतं. थरमध्ये ते बहुधा मदारीच्या, म्हणजे उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्याच्या, पुढे-मागे पसरलेलं असतं आणि दोघांना बसता येतं. सहारातले तुआरेग लोक मदारीच्या पुढे बसतात आणि अनवाणी पावलं उंटाच्या मानेवर टेकवतात. गोबीतल्या उंटाला दोन मदारी असतात, त्यांच्या मधल्या खाचेत बसायचं, म्हणून नवख्याला तो सगळ्यात सोपा जातो.

कपड्यांबद्दल एकच सांगते, जीन्स नको. आतल्या बाजूची जाड शिवण दोन तासांत कातडी सोलते. सैल सुती पायजमा, आत घट्ट सायकलिंग शॉर्ट्स, आणि डोकं-तोंड गुंडाळता येईल असं लांब सुती कापड, एवढं पुरतं.

आता उठणं आणि बसणं. पडण्याची भीती असेल तर ती या दोन क्षणांसाठी राखून ठेवा, चालत्या उंटासाठी नको. बसलेला उंट उठताना आधी मागचे लांब पाय सरळ करतो. म्हणजे तुम्ही अचानक उतारावर, तोंड खाली जमिनीकडे. सेकंदाभराने पुढचे पाय सरळ होतात आणि तुम्ही मागे फेकले जाता. बसताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, त्यामुळे पुन्हा तोंडावर जायची वेळ येते. म्हणून उठताना आणि बसताना दोन्ही वेळा पहिल्या झटक्याला मागे रेलायचं, हात ताठ ठेवायचे आणि जीभ दातांत येणार नाही हे बघायचं. मी नवख्यांना तळावरच दोनदा उठ-बस करायला लावते. त्या वेळी फोन हातात नको, पाठीवर सॅक नको, आणि ‘एक मिनिट, फोटो’ म्हणणारं माणूस समोर नको.

चालता उंट सहसा पाडत नाही, पण बसायची जागा जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास उंच असते हे विसरू नका. माझ्या गटात एकच हाड मोडलं, आणि त्यात चूक माझी होती. निघताना तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, घट्ट होता. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर घोंगड्या दबतात आणि तंग ढिला पडतो. तेव्हा थांबून तो पुन्हा आवळायचा असतो. त्या दिवशी सूर्यास्त गाठायच्या घाईत मी थांबले नाही. एका गृहस्थांनी पाण्याची बाटली घ्यायला एका बाजूला वाकून हात खाली केला, खोगीर त्यांच्यासकट फिरलं आणि गळपट्टीचं हाड गेलं. तेव्हापासून पहिला थांबा पंधराव्या मिनिटाला, सूर्य बुडाला तरी बेहत्तर. तुम्हीही तुमच्या उंटवाल्याला हे सांगा. चांगला उंटवाला सांगायची वेळच येऊ देत नाही.

आता तासांचा हिशेब. नवख्या माणसाला एका वेळी सलग पाऊण तास ते तास आणि दिवसभरात मिळून जास्तीत जास्त तीन तास खोगीर पुरे. बाकी अंतर पायी. ‘उंटावरून ट्रेक’ म्हणून पैसे भरलेत आणि चालायचं कसलं, असं लोकांना आधी वाटतं. पण ओझं लादलेला उंट तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे आपल्याच चालीने. लांबचे प्रवास करणारे पूर्वीपासून असंच करत आलेत. १९७७ साली रॉबिन डेव्हिडसन या ऑस्ट्रेलियन बाई चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ॲलिस स्प्रिंग्जहून हिंदी महासागरापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर गेल्या, त्या बहुतांशी पायीच. उंटांनी सामान आणि पाणी वाहिलं. वाळवंटातल्या उंटाचं मुख्य काम तेच आहे.

पायी चालण्याचा आणखी एक फायदा. वरून वाळवंट म्हणजे नुसता देखावा असतो. खाली उतरलात की पहाटेची वाळू दिसते, तिच्यावर रात्री कोण कोण फिरलं याची नोंद असते. भुंग्याची शिवणीसारखी बारीक रेघ, कुठे उंदराच्या उड्या, आणि मध्येच कोल्ह्याची सरळ ओळ. तुमच्या मुलीला उंटापेक्षा हेच जास्त लक्षात राहील, अशी माझी पैज.

पतींच्या कमरेबद्दल मी डॉक्टरच्या जागी बसणार नाही. पण माझा नियम सांगते. गेल्या वर्षभरात पायात कळ उतरली असेल, बधिरपणा आला असेल किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मी त्या माणसाला उंटावर बसवत नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. उठ-बस करतानाचा झटका थेट कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. नुसती जुनी, अधूनमधून दुखणारी कंबर असेल आणि ते रोज तास-दीड तास चालू शकत असतील, तर त्यांनी बसायचंच नाही असं धरून बेत आखावा. त्यांनी शेजारून चालावं, दमले तर सामानाच्या जीपमधून पुढच्या तळावर जावं. त्यामुळे त्यांचा ट्रेक अपुरा राहत नाही. माझ्या ओळखीचे दोन जण दरवर्षी येतात आणि खोगिराला हातही लावत नाहीत.

मुलगी बारा वर्षांची आहे, तिला स्वतंत्र उंट घ्या. फक्त त्याची दोरी उंटवाल्याच्या हातात हवी, पुढच्या उंटाच्या शेपटीला किंवा खोगिराला बांधलेली नको. पुढचा उंट बिथरला तर बांधलेला मागचाही ओढला जातो. घरचं सायकलचं हेल्मेट बरोबर न्या. बाकी कोणी घालत नाही म्हणून ती कुरकुर करेल, करू दे.

आता रात्रीकडे वळते, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. वाळवंट म्हणजे उष्णता, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोक एका पातळ शालीवर येतात. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे दिवसा तापलेल्या वाळूची ऊब सूर्य बुडताच सरळ वर निघून जाते. ती अडवायला काहीच नसतं. थरमध्ये जानेवारीत दुपारी २२ ते २५ अंश असतं आणि पहाटे ७-८, कधी त्याहून खाली. मोरोक्कोतल्या मर्झूगाजवळ त्याच महिन्यात पहाट शून्याच्या आसपास पोहोचते. जॉर्डनचं वादी रम उंचावर आहे, तिथेही हिवाळ्यातली रात्र हाडं गोठवते.

आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. तीन ब्लँकेटं पांघरून खाली नुसती सतरंजी असेल तर वाळू रात्रभर तुमच्या अंगातली ऊब शोषत राहते. त्यामुळे अंगावर काय आहे यापेक्षा अंगाखाली काय आहे, ते आधी विचारा. जाड गादी किंवा फोमची मॅट हवीच. स्लीपिंग बॅगवर वेगवेगळी तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ तापमान बघा आणि अंदाजापेक्षा पाच अंश थंडीची घ्या. सूर्यास्ताच्या आधी, अंग गरम असतानाच घामट मोजे बदला, कानटोपी चढवा. झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी ठेवा. फोनही आत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

तळाची जागाही महत्त्वाची. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा आडोशाची वाटते, पण रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत तिथेच साचते. माथ्यावर वारा झोडपतो. मधल्या उंचीवर, वाऱ्याच्या आड, भरीव वाळूवर झोपणं उत्तम. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मात्र कधीच नाही, मग ते कितीही सपाट आणि मऊ असो. कुठेतरी दूर डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर चांदणं असताना लोंढा घेऊन येऊ शकतो. इझाबेल एबरहार्ट ही सहारात वर्षानुवर्षं भटकलेली लेखिका २१ ऑक्टोबर १९०४ रोजी अल्जीरियातल्या ऐन सेफ्रा गावी वारली, ती अशाच अचानक आलेल्या पुरात. वय २७. वाळवंटात माणूस बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तळ निवडताना मी ते रोज आठवते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रात्री उठून आडोशाला जाणाऱ्या माणसाची. एकदा एक तरुण पहाटे तीनला उठला. टॉर्च घेतला, दोन उंचवटे ओलांडून गेला, आणि परत वळला तर समोर सगळ्या टेकड्या एकसारख्या. तळ शंभर पावलांवर होता. तो अर्धा तास दुसऱ्या दिशेने चालत राहिला. शेवटी त्याला सुचलं ते बरोबर होतं. टॉर्च खाली धरून आपल्याच पावलांचे ठसे धरून तो मागे आला. तेव्हापासून माझ्या तळावर एक कंदील उंच काठीवर रात्रभर लावलेला असतो, आणि नियम असा की कंदील दिसेनासा होईल इतकं लांब जायचं नाही. लाज वाटत असेल तर कंदिलाकडे पाठ करून बसा. वारा असेल तर ठसे दहा मिनिटांत पुसले जातात. ठशांच्या भरवशावर राहू नका.

विष्ठेसाठी वीतभर खड्डा खणायचा आणि बुजवायचा. कागद, पॅड, ओले रुमाल पुरायचे नाहीत. कोरड्या वाळूत ते कुजत नाहीत, पुढच्या वाऱ्याला उघडे पडतात. बंद पिशवीतून परत आणायचे. पाळीची तारीख ट्रेकमध्ये येत असेल तर घाबरू नका, पण दोन जादा पिशव्या आणि पाण्याची एक वेगळी बाटली ठेवा.

साप आणि विंचू असतात. थरमध्ये फुरसं आहे, सहारात वाळूत अंग पुरून बसणारा शिंगवाला साप आहे, आणि विंचू तर सगळीकडे. पण तुम्ही जाल त्या थंड महिन्यांत त्यांची हालचाल बरीच मंदावलेली असते, आणि ते आपल्या वाटेला येण्यापेक्षा आपणच त्यांच्यावर हात ठेवतो. लाकडं अंधारात गोळा करू नका, दगड उलटे करू नका, बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, रात्री अनवाणी फिरू नका. एवढ्याने धोका जवळजवळ संपतो. मुलीसाठी एक छोटा अतिनील टॉर्च घ्या. त्या प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो. माझ्याबरोबर आलेल्या मुलांनी या एका टॉर्चपायी अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे, अर्थात काठी हातात आणि मोठं माणूस शेजारी. चुकून दंश झालाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काही नाही. तो भाग हलू द्यायचा नाही आणि गाडीने दवाखाना गाठायचा. म्हणून गाडी किती अंतरावर आहे, हा प्रश्न सापांच्या जातीपेक्षा महत्त्वाचा.

पाण्यात काटकसर नको. थंडीतही चालताना माणशी रोज चार-पाच लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, म्हणून तहान उशिरा कळते. लघवी गडद झाली की समजा, उशीर झालाय. उंटाशी बरोबरी करायला जाऊ नका. त्याच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. त्याची खुबी वेगळीच आहे. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अल्जीरियात उंटांवर अभ्यास केला, तेव्हा दिसलं की तहानलेला उंट आपल्या शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० च्या वर चढू देतो. आपल्याला जो सणसणीत ताप, तो त्याचा घाम वाचवायचा मार्ग. मग पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर रिचवतो.

उंटाच्या स्वभावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. ट्रेकचा हंगाम हिवाळ्यात, आणि नर उंट माजावर येतात तेही हिवाळ्यातच. तोंडाला फेस, घशातून गुडगुड आवाज, आणि तोंडाच्या कडेने बाहेर लोंबणारा गुलाबी फुगा दिसला की त्या उंटापासून लांब राहायचं, त्यावर बसायचं तर नाहीच. उंटाचा चावा साधा नसतो. चांगला उंटवाला असा उंट नवख्याला देत नाही. नाकाशी वेसणीच्या जागी ओली जखम, खोगिराखाली पाठीवर उघडं मांस किंवा लंगडणं दिसलं तर उंट बदलून मागा. त्यात त्या प्राण्याचं भलं आहेच, शिवाय दुखणाऱ्या पाठीचा उंट वरच्या माणसालाही धड बसू देत नाही. मुलीला उंटिणीचं दूध चाखायचं असेल तर उकळूनच द्या. २०१२ साली सौदी अरेबियात सापडलेल्या मर्स या श्वसनरोगाच्या विषाणूचा उंटांशी संबंध आहे आणि जागतिक आरोग्य संघटना कच्चं दूध टाळा म्हणते.

कुठे जायचं, हे बऱ्याच अंशी तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. जगातल्या वाळवंटांपैकी वाळूच्या टेकड्यांनी झाकलेला भाग एक पंचमांशाच्या आसपास. बाकी दगड, खडी, खुरटी झुडपं. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी आहे. जैसलमेरजवळच्या सम या गावी वाळूच्या टेकड्या आहेत, पण सोबत गर्दी, जीपा आणि रात्रीची गाणीही आहेत. खुहडी गावाच्या बाजूला किंवा त्याही पलीकडे गेलात तर माणसं, शेरडं, शेतं दिसतील आणि तेच तिथलं वैशिष्ट्य. चित्रातल्यासारखे सलग वाळूचे डोंगर हवे असतील तर मोरोक्कोत मर्झूगाजवळचं एर्ग शेबी, तिथे दीडशे मीटरपर्यंत उंच टेकड्या आहेत. वादी रममध्ये वाळूपेक्षा लाल खडकांचे कडे लक्ष वेधून घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थर, ऑक्टोबर ते एप्रिल मोरोक्को, आणि जॉर्डनला मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर. मे-जूनमध्ये स्वस्त पडतं म्हणून यातल्या कुठेही जाऊ नका.

तारीख मात्र चंद्र बघून धरा. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते, पण तारे फिके पडतात. पूर्ण अमावास्येला तारे असतात, पण नवख्या माणसाला ताट आणि चप्पल सापडत नाही. माझी आवडती रात्र अमावास्येनंतरची पाचवी-सहावी. तळ लावताना, जेवताना चंद्रकोर पश्चिमेला असते, दहा-अकराच्या सुमारास ती मावळते आणि मग आकाशगंगा दिसू लागते. मुलीला त्या वेळी उठवा.

ठरवण्याआधी आयोजकाला फोन करून मोजके प्रश्न विचारा आणि उत्तरं कशी येतात ते ऐका. उंटावर रोज किती तास? प्रत्येकाला वेगळा उंट की दोघांत एक? उंटवाला बरोबर चालतो की नाही? तळापासून डांबरी रस्ता किती लांब, आणि शेजारी दुसरे तळ आहेत का? जनरेटर, स्पीकर? सामानाची गाडी रात्री तळावर थांबते का? फोनला रेंज नसेल तर संपर्क कसा? कचरा कुठे जातो? ‘सगळं होऊन जाईल, काळजी करू नका’ असं एकच उत्तर सगळ्या प्रश्नांना आलं तर काळजी करा. मी स्वतः एकदा नवखी असताना ‘वाळवंटातला एकांत’ म्हणून पैसे भरले आणि रात्री साडेबारापर्यंत लग्नाच्या मांडवासारखा गोंगाट ऐकत पडले होते. प्रवास विम्यात प्राण्यावर बसणं वगळलेलं नाही ना, तेही वाचून घ्या.

मग एक रात्र पुरेल का? पहिल्या रात्री अंगाला सगळंच नवं असतं. वाळू दातांत लागते, झोप तुटते, शांततेनेच जाग येते. दुसऱ्या रात्री माणूस सैलावतो. म्हणून माझं मत दोन रात्रींकडे झुकतं, पण एका अटीवर. पहिला तळ गाडीपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या दिवशी खोगीर फक्त दीड तास, आणि दुसऱ्या सकाळी कोणाचंही अंग फार दुखत असेल तर तिथूनच परत फिरायची मुभा, हे आयोजकाकडून आधी कबूल करून घ्या. असं कोणी मान्य करत नसेल तर एकच रात्र घ्या, पण सकाळी परतताना उंटावर न बसता चालत या. एका रात्रीतही बरंच पदरात पडेल.

आणि दोन रात्री राहिलात तर सकाळची घाई करू नका. रात्री उंटांच्या पुढच्या पायांना पायबंद घालून चरायला सोडतात, आणि बारीक पावलं टाकत ते कुठल्या कुठे जातात. पहाटे उंटवाला ठसे बघत त्यांना शोधायला निघतो. माझ्यासोबतचे एक म्हातारे उंटवाले चाळीस ठशांतून आपल्या उंटाचा ठसा बोटाने दाखवायचे. मला आजही सगळे सारखेच दिसतात. तुमच्या मुलीला त्यांच्याबरोबर पाठवता येईल का ते विचारा, बहुतेक उंटवाले आनंदाने नेतात. तोवर तुम्ही पतींच्या कमरेला गरम पाण्याची बाटली लावून बसा.

पतींचे डॉक्टर काय म्हणाले आणि महिना कुठला जमतोय ते कळवा, मग तीन ठिकाणांपैकी कुठे जायचं ते नक्की करता येईल.